इंदूरकरांनी पहाडावर कसं वागावं

सुट्ट्या लागल्या की रामबाग आणि सुदामानगरातून केदारनाथ-मनालीला निघायची गडबड सुरू होते, म्हणून या सूचना आत्ताच दिलेल्या बऱ्या. घरी आपण कचरा सहा प्रकारांत वेगळा करतो. गाडीचं गाणं ऐकू आलं की हातातला चहा टाकून जिना उतरतो. 2017 पासून स्वच्छतेत शहराचा पहिला नंबर उगाच नाही आला. पण सुट्टीत माणसाने दमू नये. शिवाय पहाड स्वच्छ ठेवलात तरी त्याचे गुण इंदूरच्या खात्यात थोडेच जमा होणार?

सामानात आधी शेव. डब्यात मुळीच नको, डबा परत आणावा लागतो. छोटी पाकिटं घ्या. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवरच्या 1 जुलै 2022 च्या बंदीत बिचारे स्ट्रॉ आणि काटे-चमचे सापडले, चमचमतं पाकीट सुटलं. त्यात प्लॅस्टिकचे थर असे एकमेकांना चिकटवलेले असतात की भंगारवालाही ते हातात धरत नाही. म्हणजे तुम्ही टाकलं तिथून कोणी हलवणार नाही, निश्चिंत राहा.

केदारनाथच्या वाटेवर पाण्याच्या बाटलीमागे दहा रुपये अनामत घेऊन, रिकामी बाटली दिल्यावर ते परत करायची योजना 2022 मध्ये सुरू झाली. तिला भुलू नका. घरी रद्दीवाल्याशी दोन रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालणं वेगळं, देवाच्या दारी हिशेब शोभत नाही. बाटली सरळ दरीत सोडावी. खाली मंदाकिनी आहे, ती रुद्रप्रयागला अलकनंदेला मिळते, पुढे गंगा. हरिद्वारला प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये गंगाजल भरताना बाटली पुन्हा दिसलीच, तर ओळख दाखवू नये.

अहिल्याबाईंनी यात्रेकरूंसाठी हिमालयापर्यंत धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या गावच्या माणसाने मागे काहीच ठेवू नये? धर्मशाळेची डागडुजी करावी लागते, पाकिटाची नाही. (उन्हाने त्याचे तुकडे होतात म्हणा, पण तुकडेसुद्धा प्लॅस्टिकचेच.)

एव्हरेस्टवर 8,440 मीटर उंचीच्या बर्फातही प्लॅस्टिकचे बारीक तंतू सापडले आहेत, बहुधा गिर्यारोहकांच्या कपड्यांचे आणि दोरांचे. तिकडे नेपाळ सरकारने 2014 मध्ये प्रत्येक गिर्यारोहकाने आठ किलो कचरा खाली आणावा असा नियम केला. आपल्याला तो लागू नाही. आपण फार तर घोड्यावर बसून वर जातो, आणि उतरताना घोड्यावर आधीच आपण असतो.

ज्यांना रजा मिळत नाही त्यांनी हिरमुसू नये. पावसाळ्यात महूजवळ जानापाव आहे. भजी खावीत, चहाचे कप तिथेच ठेवावेत. चंबळ याच डोंगरावर उगम पावते. पुढे मुरैनाकडे तिच्यात घडियाल राहतात, आणि त्यांच्याकडे कचरागाडी अजून सुरू झालेली नाही.