सिंगापूरचा अर्धाच दाखला

नेरुळच्या ज्या सोसायटीत माझे आईवडील राहतात, तिच्या व्हॉट्सॲप गटावर सध्या रोहित पक्ष्यांवरून (फ्लेमिंगोंवरून) जुंपली आहे. खाडीकाठच्या तळ्यांत भरतीचे पाणी येऊ द्यावे, असे एका बाजूचे म्हणणे. सुकलेल्या तळ्यावर इमारती झाल्या तर कोणाचे काय बिघडते, असे दुसऱ्या बाजूचे. या दुसऱ्या बाजूचा हुकमी एक्का म्हणजे सिंगापूर, ज्याने म्हणे समुद्र बुजवून देश मोठा केला आणि आपण पक्षी मोजत बसलो. सिंगापुरातच राहून हे वाचताना माझे डोके फिरते.

भराव घातला हे खरेच. १९६० च्या दशकात सुमारे ५८० चौरस किलोमीटर असलेला हा देश आज ७३० च्या पुढे गेला आहे. पण याच देशाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सुंगई बुलोहचे नाव गटावर कोणी काढत नाही. तिथे पूर्वी कोळंबीची तळी होती. १९८६ मध्ये काही पक्षीनिरीक्षकांनी ती जागा राखण्याची लेखी मागणी सरकारकडे केली, १९८९ मध्ये ८७ हेक्टरांचे निसर्गोद्यान ठरले, १९९३ मध्ये ते खुले झाले आणि २००२ मध्ये १३० हेक्टर संरक्षित झाले.

क्रांजीहून ९२५ क्रमांकाच्या बसने तिथे गेलात की पुलाखालच्या चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतात, कधी मगरही दिसते, आणि समोर मलेशियातल्या जोहोरच्या इमारती. पाहण्याजोगी खरी गोष्ट म्हणजे बांधांतल्या उघाड्या, म्हणजे पाणी आतबाहेर सोडणारी दारे. भरतीला बाहेरचा चिखल बुडाला, की कुरल, टिलवे आणि सोनचिखल्या हे किनारी पक्षी आतल्या तळ्यांत येऊन ओहोटीची वाट पाहतात, म्हणून तिथले पाणी या उघाड्यांनी बेताचे ठेवले जाते. नेरुळची तळीही रोहितांसाठी हेच काम करतात; फरक इतकाच, की आपल्याकडे पाण्याची वाट बुजते आणि मग तळे सुकले म्हणून निरुपयोगी ठरते. ठाणे खाडीचे अभयारण्य २०१५ चे, सुमारे १,६९० हेक्टरांचे, म्हणजे सुंगई बुलोहच्या तेरा पट, आणि २०२२ पासून जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत. रोहित तर सिंगापूरला येतही नाहीत. एवढे वैभव असून ही तळी मात्र त्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर.

‘तिकडे बसून बोलायला तुझे काय जाते?’ असे एका काकांनी विचारले. नेरुळचे आमचे घर आगरी-कोळ्यांच्या गेलेल्या जमिनींवर वसलेल्या शहरात आहे आणि सिंगापुरातल्या मरीन परेडचा माझा एचडीबी (सरकारी गृहनिर्माण मंडळाचा) फ्लॅट भरावावर, हे त्यांनी सांगायची गरज नाही. मला ते ठाऊक आहे. नागरिक नसून पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, असल्याने इथे मला मत नाही, आणि तिकडे यादीत नाव असूनही मतदानाला जाणे होत नाही. सुंगई बुलोहमध्ये मी दुर्बीण घेऊन पाहुण्यासारखा फिरतो, तिथले भलेबुरे इथले लोक पाहून घेतील असे समजून. रक्तदाब वाढतो तो नेरुळच्या पाण्यावरून, आणि काकांना अजून उत्तर दिलेले नाही.