गाडीखाली झोपून स्टेपनीची केबल कापायला सांगणारा तो मेसेज

रविवारी सकाळी पाहतो तर भाचा अंगणात पिकअपखाली पाठीवर पडलेला, हातात ग्राइंडर, अन् तोंडाच्या बरोबर वर स्टेपनी लटकलेली. पाय धरूनच बाहेर ओढला त्याला. काय करून राहिला बे, विचारलं तर मोबाइल पुढे केला, "मामा, ग्रुपवर आलं ना, सगळे असंच काढून राहिले." तोच मेसेज, 'स्टेपनी जाम झाली? एक रुपया देऊ नका, 10 मिनिटांत घरीच काढा', खाली पाच मुद्दे. (पिकअपची स्टेपनी मागं गाडीच्या खाली स्टीलच्या केबलवर लटकते; रॉड फिरवला की विंच, म्हणजे केबल गुंडाळायची चकरी, तिला वर-खाली घेते.) नागपूरच्या कळमना बाजारात माल आणणाऱ्या ड्रायव्हर लोकांत हा फिरून राहिला, मलाच तिघांनी पाठवला. तर आता एकेक मुद्दा घेतो, पण सुरुवात तिसऱ्यापासून, कारण त्यानं माणूस मरू शकतो.

मुद्दा 3: 'केबल स्टीलची असते, कधीच तुटत नाही, बिनधास्त खाली झोपा अन् ग्राइंडरनं कापून टाका.'

अरे कापल्यावर तो टायर जाणार कुठं? लोखंडी रिमसकट 25 किलोच्या आसपास वजन आहे त्याचं, म्हणजे तांदळाचा अख्खा कट्टा, तोही कडक अन् लोखंडी, थेट चेहऱ्यावर. केबल ताणलेली असेल तर अर्धे तार कापले गेले की उरलेले एकदम सुटतात, डोकं बाजूला घ्यायला वेळच मिळत नाही. अन् केबल ढिली असेल, म्हणजे रॉड फिरवून केबल सोडली तरी टायर वरच चिकटलेला, तर अजून वाईट, कारण तेव्हा तो टायर नुसत्या गंजाच्या अन् मातीच्या भरवशावर टिकलेला असतो आणि तुम्ही खालून ग्राइंडरनं हादरे देऊन राहिले. त्यात बाजूला डिझेलची टाकी, ब्रेकचे पाइप, वायरिंग, कोणाच्या गाडीला सीएनजीची टाकी, अन् मधे ठिणग्या. हे लिहिणाऱ्यानं स्वतः कधी केलं असेल असं मला वाटतच नाही.

अन् 'कधीच तुटत नाही' हे तर सरळ खोटं. एप्रिल 2010 मध्ये टोयोटानं अमेरिकेत 1998 ते 2010 मॉडेलच्या जवळपास 6 लाख सिएना गाड्या परत बोलावल्या होत्या, कशासाठी, तर बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठानं स्टेपनीची केबल गंजून तुटू शकते अन् टायर रस्त्यावर पडू शकतो म्हणून. गाडी पिकअप नव्हती, पण टायर तसाच खाली, तसाच केबलवर लटकलेला. एवढ्या मोठ्या कंपनीनं लेखी मान्य केलं की केबल गंजून तुटते, अन् इथं कोणीतरी लिहितो बिनधास्त झोपा.

आपल्याकडे बर्फ नाही, मीठ नाही, मान्य. पण काटोल-नरखेडकडे पावसाळ्यात संत्र्याच्या बागेतून गाडी काढून पाहा. ती काळी माती रिम आणि कॅरिअरच्या मधे जाऊन बसते, वरून वाळलेली दिसते अन् आतून कितीतरी दिवस ओली राहते, केबलचे तार आतून सडतात अन् बाहेरून काहीच कळत नाही.

पहिला मुद्दा जळकं ऑइल टाकायचा. तेल लावायचं हे बरोबर, तेवढं मानतो. पण जळकं ऑइल जाड असते, गंजात शिरत नाही, उलट धूळ धरून अजून थर बसवते. गंज सोडवायचा स्प्रे मिळतो तो मारा, रात्रभर राहू द्या, सकाळी रॉड थोडा इकडे थोडा तिकडे असा हळूहळू फिरवा. दुसरा मुद्दा, रॉडला इम्पॅक्ट गन, म्हणजे झटके देऊन नट खोलायची मशीन, लावा. नका लावू, आतलं गिअर बारीक असते, हातानं फिरवायसाठी बनवलेलं, दात गेले की मग खरंच काही उरत नाही.

चौथा, 'विंच काढून फेका, नायलॉनच्या दोरीनं बांधा'. दोरी चेसिसच्या धारेवर घासते, सायलेन्सरच्या गरमीनं वितळते, अन् वर्धा रोडवर तुमच्या मागं कोणीतरी बाइकवर लेकरू घेऊन येत असतो. नाहीतर डाल्यात, म्हणजे मागं माल भरतो तिथं, स्टेपनी ठेवा असंही तो मेसेज म्हणतो, ते चालेल, नीट बांधली तर. पण माल भरल्यावर कोंढाळीजवळ रात्री पंक्चर झालं की आधी सगळे क्रेट उतरवा मग स्टेपनी काढा. खाली लटकवतात ते यासाठीच, कंपनीनं तुम्हाला लुटायला नाही.

पाचवा, 'सरकारनं 2020 मध्ये स्टेपनीची सक्तीच काढली'. जुलै 2020 चा तो बदल प्रवासी गाड्यांसाठी, तेही ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी सिस्टिम अन् पंक्चर किट असेल तर. मालवाहू पिकअपचा त्यात काही संबंध नाही.

आता आमची कशी काढली ते सांगतो. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक, चाकांना ठोकळे. रॉड फिरत होता, केबल ढिली झालेली, टायर मात्र वरच. स्टेपनीखाली जॅक, त्यावर जाड फळी, टायरला टेकेपर्यंत वर घेतली. मग मागच्या बाजूनं, गाडीखाली न जाता, लांब बल्लीनं टायरला आडवे ठोसे दिले. सातव्या-आठव्या ठोशाला सुटला अन् फळीवर बसला, जॅक हळूहळू खाली घेतला. आत काय चाललं ते मोबाइलचा कॅमेरा खाली सरकवून पाहायचं, डोकं घालायचं नाही. काही गाड्यांत केबल तुटली तर टायर धरायला वेगळा हूक असतो, तो अडकला असेल तर आधी केबल पूर्ण आवळून मग परत सोडून पाहा. अन् विंचच मेलं असेल तर असंच जॅकवर वजन घेऊन त्याचे बोल्ट खोला.

टायर निघाल्यावर केबल पाहिली. खालच्या प्लेटजवळ चार तार तुटलेले, बाकीचे लाल पडलेले. हिच्याच खाली झोपला होता पोरगा. क्लॅम्प मारून जोडायची नाही म्हटलं, पूर्ण विंच नवीन बसवलं, अन् आता पावसाळ्यात दर महिन्याला टायर खाली घेऊन धुवायचा, हवा पाहायची असं ठरलं.

त्या केबलचा फोटो भाच्यानं ग्रुपवर टाकला आहे. ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला त्यांनी तिथंच हा फोटो पण टाका, आजच टाका.