उन्हाळ्यात कुत्र्याची एखादी फेरी बुडाली तर बुडू दे

पारा चढला की कुत्री पाळणाऱ्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास कानावर येतं. "त्याची एनर्जी बाहेर काढायलाच हवी हो, नाहीतर घर डोक्यावर घेतो." मग ऊन पुरतं उतरायच्या आत त्या बिचाऱ्याच्या गळ्यात पट्टा अडकवून त्याला बाहेर पळवून आणतात. माझं मत याच्या बरोब्बर उलट आहे, आणि ते आळशी माणसाचं मत वाटेल याची मला पूर्ण कल्पना आहे. कडक उन्हाळ्यात कुत्र्याला दमवायचं नाही. दुपारभर झोपू द्यायचं, गार ठेवायचं आणि कामाला लावायचं ते नाकाला. पायांना सुट्टी.

हे मनचं सांगत नाहीये. ब्रिटनमध्ये ९ लाखांहून जास्त कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासून केलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. उष्माघात आणि तशा त्रासाच्या ज्या घटनांचं कारण कळलं होतं, त्यातल्या जवळजवळ ७४ टक्के घटना चालणं, पळणं, खेळणं अशा व्यायामातून घडलेल्या होत्या. बंद गाडीत अडकून झालेल्या घटना साधारण ५ टक्के. गाडीतल्या कुत्र्याची बातमी होते, काच फोडल्याचे व्हिडिओ फिरतात, ते योग्यच आहे. (उन्हातली बंद गाडी दहा मिनिटांतसुद्धा भट्टी होते, काच बोटभर खाली ठेवून काही फरक पडत नाही. त्यावर वाद नको.) पण रोजच्या फिरण्याची कुणाला भीतीच वाटत नाही, आणि बहुतेक कुत्री सापडतात ती तिथेच.

कारण अगदी सरळ आहे. उन्हातून येणारी उष्णता ही अर्धीच गोष्ट, बाकीची उष्णता कुत्रा स्वतः तयार करतो. पळणारे स्नायू तापतात, आणि ती उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे आपल्यासारखी घामाची सोय नाही. पंजांच्या गाद्यांना थोडा घाम येतो, तो नावापुरता. सगळी भिस्त धापेवर. एरवी मिनिटाला १५ ते ३० श्वास घेणारा कुत्रा धापा टाकायला लागला की ३०० च्या वर जातो आणि जीभ, तोंड, नाकाच्या आतला ओलावा वाफ होऊन उडतो, तेवढाच गारवा. त्याच्या शरीराचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंशांच्या आसपास असतं आणि ४१ च्या पुढे जिवावर बेतायला लागतं. म्हणजे मधे अंतर आहे दोनेक अंशांचं. चेंडूच्या मागे वेडा झालेला कुत्रा ते किती लवकर ओलांडत असेल याचा विचार करा. शिवाय चेंडूवाली कुत्री स्वतःहून थांबत नाहीत. थांबायचं शहाणपण आपण दाखवायचं.

हवा दमट असेल तर ही वाफसुद्धा नीट उडत नाही. म्हणून मोबाइलवर नुसतं तापमान बघून "आज तसं कमी आहे" म्हणणाऱ्यांना माझं सांगणं, आर्द्रतेचा आकडाही बघत जा. पाण्यावर चालणारा कूलर कोरड्या हवेत छान काम करतो, पण बंद खोलीत किंवा दमट हवेत तोच कूलर कुत्र्याची धाप निकामी करतो. खिडकी उघडी हवीच.

पंख्याबद्दल लोकांचा गैरसमज मोठा आहे. आपल्याला पंख्याखाली बरं वाटतं ते अंगावरचा घाम वाळतो म्हणून. कोरड्या, केसाळ कुत्र्यावर पंखा सोडला तर त्याला फार काही मिळत नाही. त्याचं पोट, मांड्यांची आतली बाजू, काखा, पंजे ओले करा आणि मग पंखा लावा. तिथे केस विरळ असतात, पाणी कातडीपर्यंत पोहोचतं. पाठीवर पाणी ओतलं की ते बऱ्याचदा वरच्या केसांवरून घरंगळून फरशी पुसायचं काम वाढवतं, बाकी काही नाही. ओला टॉवेल अंगावर पांघरायचा तर अजिबात नाही, थोड्या वेळात तो अंगाच्या उष्णतेने कोमट होतो आणि झाकणासारखा बसतो. तोच टॉवेल फरशीवर पसरून त्यावर पोट टेकवून झोपू द्या. ऊन्ह खिडकीत यायच्या आधी पडदे ओढा. पाणी एकाच वाटीत ठेवण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी ठेवा. कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या गारव्याच्या गाद्या, जॅकेटं वगैरे हौस म्हणून घ्या, पण उघडी फरशी मिळाली तर बहुतेक कुत्री ती नवीकोरी गादी सोडून फरशीवरच आडवी होतात.

आणि केस भादरणं! हस्की, गोल्डन, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा थर ऊन अडवतो. आतला गळणारा लोकरी थर रोज विंचरून काढा, हवा खेळेल. मशीन फिरवून सपाट करू नका, कातडी उन्हाला उघडी पडते आणि केस परत नीट येतीलच याची खात्री नसते. पग, बुलडॉग असल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचं दुखणं वेगळंच, त्यांना धापसुद्धा धड टाकता येत नाही. त्यांच्या बाबतीत मी म्हणेन की उन्हाळाभर फिरणं म्हणजे शी-शूपुरतं खाली उतरणं.

आता दमवायचं नाही तर करायचं काय, हा खरा प्रश्न. घरी बसलेलं कुत्रं चपला खातं, हे मान्य. पण त्याला कंटाळा येतो तो पाय रिकामे असतात म्हणून, असं आपण धरून चालतो. माझ्या मते रिकामं असतं ते नाक. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख मानल्या तर कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींच्या वर. एवढं मोठं यंत्र दिलेलं आणि आपण त्याला दिवसभर एकाच दिवाणखान्याचा वास घ्यायला लावतो. शिवाय एकाच वेळी जोरात धापा टाकणं आणि नीट हुंगणं कुत्र्याला जमत नाही. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यांवरच्या एका अभ्यासातही धाप वाढली की शोध घसरतो असंच दिसलं होतं. म्हणजे हुंगायचा खेळ कुत्र्याला आपसूकच संथ ठेवतो. चेंडूच्या खेळात नेमकं उलटं.

आमच्या ढमीचा लाडका खेळ म्हणजे जुना टॉवेल. तिच्याच जेवणातलं मूठभर कोरडं खाणं टॉवेलवर विखरायचं, टॉवेल घट्ट गुंडाळायचा आणि तिच्यापुढे ठेवायचा. ती आधी पंजा मारत नाही. तोंड मिटून एका टोकाला नाक लावते आणि फुसफुस करत दुसऱ्या टोकापर्यंत जाते. जवळ बसलं तर नाकपुड्यांच्या कडेच्या चिरा फडफडताना दिसतात, श्वास तिकडून बाहेर पडतो, म्हणजे समोरचा वास उडून जात नाही. मग नाकानेच ढकलून एक वेढा उलगडते. दोन दाणे. कुरुम कुरुम. पुन्हा नाक. टॉवेल पूर्ण उलगडला तरी बाई एकदा सगळ्या कडा तपासून बघतात, आणि मग तिथेच पसरून घोरायला लागतात. पहिल्यांदा सैल गुंडाळा, जमायला लागलं की गाठ मारा. वाटीत जेवण ओतणं म्हणजे ही सगळी मजा एका मिनिटात संपवणं, त्यामुळे उन्हाळ्यात ढमीची वाटी बहुतेक पाण्यापुरतीच.

दुसरा उद्योग फ्रीजरचा. रोजचंच खाणं पाण्यात भिजवून, चेचून पोकळ रबरी खेळण्यात किंवा खडबडीत चाटायच्या मॅटवर थापायचं आणि गोठवायचं. चाटण्यात बराच वेळ जातो आणि चाटता चाटता कुत्री शांत होतात. बर्फाने कुत्र्याच्या पोटात कळ येते, तो मरतो वगैरे जे फॉरवर्ड फिरतात त्यांना भाव देऊ नका. फक्त मोठे टणक खडे कडाकडा चावणारा असेल तर दात सांभाळा. वर काही लावायला पीनट बटर घ्याल तर डब्यावर झायलिटॉल नाही ना एवढं वाचा, साखरेऐवजी घालतात तो हा गोड पदार्थ कुत्र्याला विष आहे. मनुका आणि द्राक्षंही नकोत.

डोक्याला काम द्यायचं तर खेळण्यांची नावं शिकवा. बॉर्डर कॉली जातीच्या चेझर नावाच्या कुत्रीला १,०२२ वस्तूंची नावं ओळखता येत होती, तिच्यावरचा शोधनिबंध २०११ साली आला. आपल्याला तीन नावं जमली तरी दुपार निघते. ढमी "ससा" आणते, "दोरी" आणते आणि तिसऱ्या वेळी कंटाळून माझी चप्पल आणते. चालायचंच.

बाकी, दिवसातले निम्मे तास तरी कुत्रं झोपतंच. प्रत्येक तासाला कार्यक्रम लागतो हे आपण ठरवलंय, त्याने नाही. आणि फिरायला न्यायचंच असेल तर उजाडायच्या आत. संध्याकाळी ऊन गेलं तरी रस्ता तापलेलाच असतो. तळहाताची उलटी बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवा, टेकवत नसेल तर परत घरी.

एवढं करूनही कधी लागलंच, म्हणजे जीभ रुंद होऊन लोंबतेय, हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चाल झोकांड्या खाणारी, तर आधी गार करा, मग दवाखाना गाठा. थंड पाण्याने झटका बसतो, कोमटच पाणी वापरा, हा सल्ला जुना झाला. तरुण आणि निरोगी कुत्र्याला डोकं वर धरून सरळ थंड पाण्यात बसवायचं, म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्यावर पाणी ओतत राहायचं आणि वारा घालायचा. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नका. दवाखान्यात जाताना गाडीचा एसी पूर्ण आणि खिडक्यांचा विचार नंतर. बरा दिसला तरी डॉक्टरांना दाखवाच, आतल्या अवयवांचं नुकसान काही तासांनी डोकं वर काढतं.

एक अडचण मात्र मला अजून सुटलेली नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे बोळे आणि खाऊ भरून देणं हा झकास खेळ आहे, पण आमच्या बाईसाहेब पुठ्ठाही गिळतात. म्हणून तो बाद केला. असं खादाड कुत्रं सांभाळणाऱ्यांनी फाडायला काय देता ते खाली लिहा, टॉवेल आता चाळणी व्हायला आलाय.