सांगलीच्या ऑक्टोबरात मफलर

आज दुपारी लेकीच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेज पडला. ज्युनियर केजीचा 'ऑटम वीक' आहे. शुक्रवारी मुलांना ब्राउन, ऑरेंज किंवा मस्टर्ड रंगाचा स्वेटर घालून पाठवा, जमल्यास मफलर. सोबत मेपलच्या पानाचं चित्र लाल-नारिंगी रंगवून आणायचं, रेघेबाहेर न जाता. फोटो काढायचे आहेत, वेळेत सोडा. मेसेजखाली तीन भोपळे आणि एक खार.

मी हे वाचत होते तेव्हा विश्रामबागला झाडाखाली स्कूटी लावून लिंबू सरबत पीत उभी होते. तोंडाला स्कार्फ, पाठीला ड्रेस चिकटलेला. सांगलीत. ऑक्टोबरात. स्वेटर!

ग्रुपवर काय, अंगठे आणि 'सो क्यूट'. एका आईनं विचारलं, मस्टर्ड म्हणजे नेमका कुठला रंग? अगं बाई, २०१८ ला आपल्या सांगलीच्या हळदीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आख्ख्या देशातली हळद आपल्या मार्केट यार्डात येते, आणि आपण पिवळा कुठला म्हणून विचारतोय.

नवरा म्हणतो, एका दिवसाचा प्रश्न आहे, घालायचा नि घरी आल्यावर काढायचा. मला तो एका दिवसाचा वाटत नाही, म्हणून एवढं मोठं लिहितेय. कंटाळा आला तर पुढं जा.

गेल्या रविवारी माहेरी गेलो होतो, तासगावकडं. तात्यांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या बागेची फळछाटणी नुकतीच झालेली. ऑक्टोबरातली द्राक्षबाग ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगते, हिरवं नावाला नसतं. छाटणीआधी औषध मारून पानगळ करून घेतात, मग कात्री चालते, आणि मांडवावर नुसत्या काड्या राहतात. लेक बांधावरच थांबली. "तात्या, बाग मेली?"

तात्यांनी खाली पडलेली एक काडी उचलली आणि अंगठ्याच्या नखानं खरवडली. वरची तपकिरी साल निघाली, आत ओलं हिरवं. "मेली आसती तर आतनं हिरवी आसती का?" मग तिला वेलाजवळ नेलं आणि काडीवरचे डोळे दाखवले, जिथनं नवी फूट येते ते. डोळे फुटावेत म्हणून औषधाची पेस्ट लावलेली होती, त्यामुळं पहिली ताकीद, हात लावायचा न्हाई. पोरीनं दोन्ही हात पाठीमागं बांधले, मान पुढं काढली आणि लांबूनच मोजायला लागली. सहा, सात, आठ, दहा. नऊ गाळला. तात्यांनी परत एकपासून मोजायला लावलं.

मग बांधावर बसून तिनं कापलेल्या काड्या लावल्या, लांब एकीकडं, आखूड एकीकडं, जाड आणि बारीक वेगळ्या. कुणी सांगितलं नव्हतं. सांगलीला परत आल्यावर खराट्याची काडी खरवडून बघितली आणि मला येऊन सांगितलं, "ही मेलीय."

आता ह्या पोरीला शुक्रवारी मेपलचं पान रंगवून काय कळणार आहे, सांगा मला. मेपल तिनं बघितलेलं नाही, तिच्या बाईंनी नाही, मी नाही. शाळेच्या दारावर सध्या कापडी मेपलपानांच्या माळा लागल्यात, ऑनलाइन मागवलेल्या. तिथंच आंब्याच्या खालच्या फांदीवर खरी पानं आहेत, त्यांच्याकडं बघायला कुणाला वेळ नाही.

तिकडच्या लोकांशी माझं भांडण नाही. तिकडं सप्टेंबर उलटला की दिवस लहान होतो, गारठा पडतो, पानातला हिरवा रंग मोडत जातो आणि इतके दिवस त्याच्याखाली झाकलेला पिवळा दिसायला लागतो. मेपलसारख्या झाडांत लाल रंग तर त्याच दिवसांत नव्यानं तयार होतो. मग तिथल्या बाई पोरांना घेऊन बाहेर पडतात, पानं गोळा करतात, वर्गात आणून रंगाप्रमाणं लावतात, ओकची फळं मोजतात, भोपळा कापून आतल्या बिया बघतात. उत्तम शिकवणं आहे हे. दारात जे पडलंय ते उचललंय त्यांनी. आपण त्यांचं पान तेवढं उचललं आणि बाहेर जायचं ते सोडून दिलं.

आणि ऑक्टोबरात आपल्या दारात काय कमी आहे का? सोयाबीनची मळणी चालू असते. जत, आटपाडीकडं शाळू पेरतात. झेंडूनं बाजार भरलेला असतो, दसरा झाला की तोच झेंडू सुकतो आणि एकेका फुलातनं मूठभर बी निघतं. एवढं सोपं बी पोरांच्या हाताला दुसरं मिळायचं नाही, काळं टोक, पांढरी शेपटी, कुंडीत टाकलं की उगवलं.

नवरात्रात घरोघरी घट बसतात. पत्रावळीवर माती, त्यात धान्य, नऊ दिवस रोज बघायचं की आज किती वाढलं. लेकीनं तात्यांच्या घरचा घट बघून विचारलंच होतं, हे पिवळं का आणि शेतातलं हिरवं का. शास्त्राचा पहिला धडा आहे तो, आणि कुणी पैसे घेत नाही.

हादगा घ्या, म्हणजे भोंडला. आमच्या लहानपणी पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळापर्यंत, खिरापतीही तशाच वाढत जाणाऱ्या. मोजायला शिकवायची ह्याहून बरी रीत मला तरी माहीत नाही. त्यात खिरापत ओळखायची. डबा कानाशी धरून हलवायचा. खुळखुळ वाजलं तर चणे-फुटाणे, धप्प वाजलं तर लाडू, आवाजच नाही आला तर शिरा नाहीतर उपमा. हेच काम आता 'सेन्सरी ॲक्टिव्हिटी' म्हणून किटमध्ये पॅक होऊन येतं आणि त्याची फी वेगळी.

शाळेत सगळ्या घरची पोरं असतात, घट-हादगा सगळ्यांना आपला वाटेल असं नाही, हे मान्य. मग मटकीला मोड आणा वर्गात. मटकी सगळ्यांच्या घरी असते.

राग कशाचा येतो माहितीये? शिशुशाळेचा मूळ माणूस फ्रोबेल, १८३७ ला जर्मनीत त्यानं सुरुवात केली, त्यानं पोरांना ज्याचा त्याचा वाफा दिला होता. पेरा, उगवताना बघा. आपल्याकडं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडला बसून आदिवासी पोरांना दगड, पानं, बिया, शिंपले घेऊन शिकवत होत्या. पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळाच कुरणात नेली त्यांनी. ह्या बायका महाराष्ट्रात होऊन गेल्या आणि आपण कापडी पानांच्या माळा मागवतोय, पैसे भरून, वर एसीचे वेगळे! (एसी लावणार असतील तर स्वेटरचं कोडं सुटलं म्हणा.)

संध्याकाळी वर्गाच्या बाईंना फोन केला. जरा चढ्या आवाजातच. पोरगीच आहे ती, पंचविशीची. ऐकून घेतलं बिचारीनं आणि म्हणाली, "ताई, प्लॅनर वरून येतो. आमच्या मनाचं काही नसतं. फोटो ग्रुपवर पडले नाहीत तर पालकच विचारतात, आज काय शिकवलं म्हणून." मग हळूच म्हणाली की तिच्या घरी मिरजेजवळ ऊस आहे, आणि मागे एकदा तिनं तुरा आलेला ऊस वर्गात आणला होता तर पोरं तासभर गप्प होती. त्याचा फोटो कुणी काढला नव्हता.

माझा आवाज खाली आला. तिला मिळणारा पगार मला साधारण माहिती आहे. त्यात ती चार वर्षांची पंचवीस पोरं सांभाळते, नाकं पुसते, डबे उघडून देते. तिच्यावर नाही माझा राग. ग्रुपवर अंगठे देणाऱ्या आपल्यावर आहे. आपल्यालाच मेपल हवंय. काडी खरवडणाऱ्या पोरीचा फोटो स्टेटसला बरा दिसत नाही ना.

जगात कुठं काय असतं ते पोरांना कळायला हवं, हो, कळू दे. पुढं कधीतरी बर्फही कळेल. पण आधी हातातलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचंच बघा. पुराचं पाणी ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका, हे सांगलीतल्या शेंबड्या पोराला पाठ असतं, कारण ते पाणी त्यानं गल्लीत बघितलेलं असतं. कुठल्या वर्कशीटनं शिकवलं?

आणि पानगळच शिकवायची हौस असेल तर थांबा ना फेब्रुवारीपर्यंत. आपली झाडं पानं टाकतात ती पुढच्या कोरड्या दिवसांत पाणी वाचवायला. पिंपळ झडतो, कडुलिंब झडतो, पांगारा आणि पळस पानं टाकून लाल-केशरी फुलतात. तेव्हा न्या पोरांना कृष्णेच्या घाटावर. पडलेली पिंपळपानं गोळा करा, पाण्यात कुजत घाला, जाळी निघेपर्यंत रोज बघा. वास येईल. येऊ दे. नारिंगी रंग पाहिजेच असेल तर पळस आहे, आणि तेव्हा सकाळी स्वेटरही शोभेल.

हे लिहिताना लेक शेजारी चित्र रंगवत बसलीय. मेपलचं पान तिनं हिरवं रंगवलं. मी म्हटलं, बाईंनी लाल सांगितलंय. तर म्हणाली, "आतनं हिरवं असतंय." आता ह्यावर लाल मारायला मी लावणार नाही. मार्क नसतात ज्युनियर केजीला, निदान मला तरी अजून कुणी सांगितलेले नाहीत. शुक्रवारी सुती फ्रॉक घालूनच पाठवणार आहे, फोटोत उठून दिसली तर दिसू दे.

बाईंशी बोलणं झालंय. दिवाळीच्या सुट्टीआधी एक सकाळ त्या मुलांना बाहेर काढायला तयार आहेत, वरच्यांना 'फील्ड ट्रिप' म्हणून सांगतील. तात्यांची बाग तोवर फुटून पुढं गेलेली असेल आणि पाऊस आला तर ते डाऊनी रोगाच्या मागं पळत असतील, त्यांना विचारायची सोय नाही. तेव्हा तासगाव, मणेराजुरी, कवठेमहांकाळ कुठंही कुणाची छाटणी उशिरा झालेली असेल, बाग पोंग्यात म्हणजे नुकती फुटत असेल, आणि पंचवीस पोरं तासभर सहन होत असतील तर इनबॉक्सला सांगा. फवारणीचा दिवस सोडून. गाडीचं आणि खाऊचं मी बघते, पाणी तेवढं तिथं प्यायचं असावं.