हिरवळ नको, पण हिरवं हवं

लॉन काढून टाकायचं यावर आमच्या घरात चक्क एकमत झालं. त्यानंतर आजतागायत झालेलं नाही.

रो-हाउससमोरचं चारशे स्क्वेअर फुटाचं गवत. बिल्डरच्या ब्रोशरमधे त्यावर गोरी गोरी मुलं बागडत होती, आमच्याकडे कुणी पाय ठेवला की सासरे खिडकीतून ओरडायचे. त्यात नवऱ्याने एका रविवारी हिशोब मांडला, की एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, एप्रिलमधे गवताला रोज पाच मिलिमीटर तरी लागणार, म्हणजे दिवसाला पावणेदोनशे लिटरच्या वर. आणि आम्ही टँकरच्या पाण्यात अर्ध्या बादलीत अंघोळी उरकतोय! गवत आमच्यापेक्षा जास्त अंघोळ करतंय म्हटल्यावर सगळेच पेटले.

मग काय लावायचं? सासरे म्हणाले, "सरळ कोबा करून टाका." त्यांचं हे सगळ्यावरचं उत्तर आहे. कोबा तापतो, पावसाचं पाणी मुरत नाही वगैरे मी सांगितलं तर "मग शहाबादी घाला" म्हणाले. लेकाला प्लास्टिकचं गवत हवं होतं, त्याला मी मेमधे दुपारी दोन वाजता त्यावर अनवाणी उभं राहून दाखव म्हटलं, विषय संपला.

मग गवताऐवजी जमिनीवर पसरणारं रोप शोधायला निघालो. पुण्याहून सोलापूर रोडने उरुळी कांचनकडे गेलं की नर्सऱ्याच नर्सऱ्या. तिथल्या दादाने पहिल्या दोन मिनिटांत पिवळ्या फुलांचं वेडेलिया पुढे केलं. "मॅडम, एकदा लावा आणि विसरून जा, काडी फेकली तरी लागते." हे तो कौतुकाने सांगत होता! प्रत्येक पेराला मुळं फोडत ते कंपाउंडबाहेर जातं, जगातल्या शंभर सगळ्यात उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. ज्या पुण्यात 1950 च्या दशकात गाजर गवत पहिल्यांदा लोकांच्या नजरेत आलं त्याच पुण्यात राहून मी आणखी एक पाहुणी स्वहस्ते सोडू? नको. पोर्तुलाका दिसायला झकास, पण ती उन्हं चढल्यावर उघडणार आणि दुपारनंतर मिटणार, आमच्याकडे लोक येतात संध्याकाळी. शिवाय पुण्याच्या पावसात कुजते ते वेगळंच. जलपिंपळी चिवट, पाणी कमी, पण फुलांवर मधमाश्या, आणि लेक चपला घालत नाही. मोंडो ग्रास सावलीत छान राहतं म्हणे, पण सहा इंचावर एक रोप म्हणजे स्क्वेअर फुटाला चार, चारशेला सोळाशे, रोप वीस रुपयाला. नवऱ्याने मोबाईलवर गुणाकार केला आणि काही न बोलता गाडीत जाऊन बसला.

शेवटी पिंटो पीनट. शेंगदाण्याच्या गोतावळ्यातलं, मूळचं ब्राझीलचं, मुळांवरच्या गाठींतून स्वतःचं नत्र स्वतः कमावणारं, अर्ध्या सावलीतही चालणारं, अधूनमधून पाय पडला तरी तक्रार न करणारं. माझ्या मते या सगळ्यांत शहाणं झाड हेच. फक्त घरी नाव सांगायला नको होतं. सासूबाई रोज सकाळी चहाचा कप घेऊन वाकून बघायच्या, "शेंगा कधी धरणार गं?" अहो आई, हे त्यासाठी नाही, म्हटलं तर "मग शेंगदाणा कशाला म्हणायचं" असं पुटपुटत आत. समोरच्या काकूंनी तर कुटासाठी किलोभर बुक केलेत.

आणि हरळी! लॉन खणून काढलं, माती चाळली, तरी पिंटोच्या मधून ती डोकं काढतेच. माळीकाका म्हणतात हिचा इंचभर तुकडा राहिला तरी पुरे. हीच बया गणपतीत एकवीस दूर्वांसाठी शोधायला गेलं की अंगणात तीन पानांची एक काडी धड सापडत नाही, आणि मी मंडईत जाऊन पैसे मोजून जुडी आणते.

परवा माळीकाकांना विचारलं, आता गवत कापायचं नाही, मशीन फिरवायचं नाही, मग तुमचा महिन्याचा रेट थोडा कमी होईल ना? काकांनी तंबाखू मळता मळता सगळ्या वाफ्यावरून शांतपणे नजर फिरवली.

"कमी कसा ताई? हे दाट होईस्तोवर मधलं गवत एकेक हातानं वेचायचं. मशीनचं काम सोपं होतं."

पुढच्या महिन्यापासून दोनशे रुपये वाढवलेत.