रविवारची उसळ शुक्रवारी सुरू होते

मोड आणणं सोपं असतं असं सांगणारा माणूस बहुधा आयती उसळ खाणारा असतो. ‘भिजवायचं, बांधायचं, येतात आपोआप.’ आपोआप येतात ते पाहुणे. मोड आणावे लागतात, आणि तेही रविवारी सकाळी आठला हजर होतील अशा बेताने. कारण त्या वेळी इंदुरात घरोघरी पोहे वाफेवर असतात, आणि एकदा उसळ-पोह्यांचा बेत जाहीर झाला की नुसत्या शेवेवर आणि जिरावणावर (पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्यावर) कोणी ऐकत नाही.

तेव्हा रविवारपासून मागे मोजत यायचं. मटकी भिजायला ८ ते १० तास लागतात. पुढचं सगळं हवेवर. मोडांना २५ ते ३० अंश तापमान मानवतं. उन्हाळ्या-पावसाळ्यात बांधल्यापासून १२ ते १५ तासांत दाण्याच्या लांबीचा मोड येतो. जानेवारीत पारा रात्री १० च्या खाली गेला की तीच मटकी ३६ तास घेते आणि तरी उपकार केल्यासारखी उगवते. म्हणजे थंडीत शुक्रवारी सकाळी कोमट पाण्यात भिजत घालून संध्याकाळी बांधायची. उन्हाळ्यात शुक्रवारी रात्री भिजत, शनिवारी सकाळी बांधायची आणि रात्री मोड दिसले की फ्रिजमध्ये. तिथेही ते पुरते थांबत नाहीत, पण चाल मंदावते. हे केलं नाही तर सकाळपर्यंत शेपट्या इतक्या वाढतात की उसळ खायची की विणायची, असा प्रश्न पडतो.

शब-ए-मालव्याचं, म्हणजे माळव्यातल्या गार रात्रींचं, कौतुक करणाऱ्यांनी मटकीला कधी विचारलेलं नाही. मे महिन्यात दुपारी ४० च्या वर गेलेली हवा रात्री उतरते, गॅलरीत टांगलेलं ओलं फडकं वाऱ्याने गार राहतं, आणि पुरचुंडी फ्रिजमध्ये जाईपर्यंत मजेत डुलते. थंडीत मात्र तिला हॉटकेसमध्ये नाहीतर बंद ओव्हनमध्ये ठेवून वरून जुनी शाल गुंडाळावी लागते. घरातल्या आजोबांना शाल त्यानंतर.

पाणी दाण्याच्या तिप्पट घ्यायचं, कारण वाटीभर मटकीच्या भिजून दोन वाट्या होतात आणि मोड येऊन तीन. पातेलं लहान घेतलं की वरचे दाणे सकाळी पाण्याबाहेर डोकं काढून कोरडेच बसलेले असतात. भिजवण्याआधी तीनदा धुवायचं, हेही आलंच. आता नर्मदेचं पाणी जलूदहून पंपाने घाट चढवून सुमारे ७० किलोमीटर येतं, बऱ्याच कॉलन्यांत दिवसाआड. त्यामुळे तीनदा कडधान्य धुणाऱ्या सुनेकडे सासूबाई कशा बघतात, ते समजण्यासारखं आहे. तरी धुवाच. साठवणीच्या डब्यातली बोरिक पावडर उसळीत नको. पहिलं पाणी मोरीत, पुढची दोन कुंड्यांना.

मग येतात गणंग. मटकीत हे हमखास. कवच इतकं घट्ट की पाणी आत शिरतच नाही. रात्रभर भिजून, पुढे शिजूनही दाणा जसाच्या तसा, आणि नेमका पाहुण्यांच्या दाढेखाली. भिजलेली मटकी परातीत पसरून परात किंचित तिरपी करा. फुगलेले दाणे जागच्या जागी चिकटून राहतात. बारीक, काळपट, चकचकीत असे काही टण्टण् वाजत खाली घरंगळतात. तेच ते. वेचून काढा, दयामाया नको.

बांधणं हा खरा कसोटीचा भाग, आणि घरोघरी चूक इथेच होते. पाणी निथळून जायला हवं. निथळलंय असं वाटल्यावर आणखी अर्धा तास चाळणीत ठेवायचं. फडकं जुन्या, मऊ सुती धोतराचं, उकळून घेतलेलं. स्टार्चचं किंवा नायलॉनचं नको. गाठ सैल. उगवणारा दाणा श्वास घेतो आणि त्यातून ऊब निघते. गच्च आवळलेल्या गाठोड्याच्या मध्यभागी बोट घातलं तर ते चक्क गरम लागतं. ऊब, ओल आणि कोंडलेली हवा, जंतूंना आणखी काय पाहिजे? चांगल्या मोडांना ओल्या शेंगांसारखा वास येतो. बिघडलेल्यांना आंबूस, आणि दोन बोटांत धरलेला दाणा सोडताना मध्ये तार सुटते. तार दिसली की धुऊन, हिंग जास्त घालून खपवण्याचा मोह आवरावा. ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाका. इंदुरातल्या देवगुराडियाला २०२२ पासून ओल्या कचऱ्याचा, रोज ५५० टन क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प आहे आणि त्या गॅसवर सिटी बस धावतात. तुमची मटकी पोह्यांपर्यंत पोचली नाही, तरी बसमधून राजवाड्यापर्यंत जाईल.

मूग बिचारा सरळमार्गी, त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. हरभऱ्याला १२ तास भिजवण लागते. मेथीला भिजल्यावर बुळबुळीतपणा सुटतो, म्हणून ती जास्त वेळा धुवावी. अळीव तर पाण्यात पडताच चिकट गोळा होतो; पुरचुंडीचा हट्ट सोडून तो ताटातल्या ओल्या कापडावर विरळ पेरावा. वालाचे मोड येतात छान, पण नंतर कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलावा लागतो, तेव्हा घरातल्या प्रत्येकाला अचानक बाहेरचं काम निघतं. राजम्याला मोड आणून कच्चा खाऊ नये, त्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन पोटात खरोखरच उत्पात घडवतं. बी-बियाणांच्या दुकानातलं गुलाबी-लाल दाण्यांचं पाकीट स्वस्त मिळालं तरी ते पेरायचंच. तो रंग बुरशीनाशक लावल्याची खूण असते.

कच्चे मोड लिंबू पिळून खाणारे आरोग्यवादी आता प्रत्येक कुटुंबात एक तरी असतात. त्यांच्याशी वाद घालू नये, फक्त एवढं सांगावं: २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय पसरला आणि ५० हून जास्त माणसं दगावली. मोडांना मानवणारी ओल-ऊब जंतूंनाही मानवते, आणि बियाच्या कवचातल्या चिरांत बसलेला जंतू धुऊन जात नाही. चांगली कडकडीत वाफ काढली की क जीवनसत्त्व थोडं कमी होतं, पण माणूस शिल्लक राहतो.

उसळीसाठी कुकर नको. एका शिट्टीत मोड गळून पडतात आणि तीन दिवसांची मेहनत वरणात जमा होते. कढईत झाकण ठेवून १५ मिनिटं पुरतात. चिंच-गूळ दाणा शिजल्यावरच. आधी आंबट पडलं तर तो हट्टाने कडक राहतो, आणि आळ येतो गणंगांवर, जे बिचारे शुक्रवारी-शनिवारीच घराबाहेर गेलेले असतात.