परदेशातून : परीक्षा रसायनशास्त्राची की हाताची?

2024च्या जुलैमध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्व प्रमाणपत्रावरून गदारोळ झाला. तेव्हापासून घरी फोन केला की हा विषय निघतोच. कोण खरं, कोण खोटं, तपासणी किती कडक हवी. माझे काका निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांचं मत असं की जे डोळ्यांना दिसतं त्याला सवलत जरूर द्या, पण हे जे नवनवीन निघालंय ते म्हणजे पैसेवाल्यांनी परीक्षेत जादा वेळ विकत घ्यायची सोय आहे. काकांचा मला आदर आहे, पण हे त्यांचं म्हणणं मला मुळीच मान्य नाही.

मला डिसप्रॅक्सिया आहे. हालचालींची आखणी करून त्या ओळीने पार पाडणं मेंदूला जड जातं. स्नायू धडधाकट असतात आणि बुद्धीचा याच्याशी संबंध नसतो. शाळकरी मुलांपैकी साधारण 5 ते 6 टक्क्यांना हा त्रास असतो आणि बऱ्याच जणांचा तो मोठेपणीही जात नाही. बुटाची नाडी, सायकल, भरभर लिहिणं, अनोळखी इमारतीत वर्ग शोधणं, सगळ्यात तो आडवा येतो.

मी पुण्यात बीएस्सी केमिस्ट्री केलं. टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडत रंग बदलेपर्यंत मोजणं, ज्यांनी केलंय त्यांना आठवेल: एक हात ब्युरेटच्या, म्हणजे मापाच्या उभ्या नळीच्या, कॉकवर, दुसऱ्या हाताने फ्लास्क गोल फिरवत राहायचा, नजर रंगावर. किती मिलीला एंड पॉइंट, म्हणजे रंग बदलायचा क्षण, येणार याचा अंदाज मला आधीच असायचा. पण तीन कामं एकदम चालली की कॉक वेळेवर बंद होत नसे आणि फिकट गुलाबीऐवजी गडद गुलाबी रंग यायचा. जर्नल हातानेच लिहायचं, आकृत्या पेन्सिलीने काढायच्या, आणि ते सर्टिफाय झाल्याशिवाय प्रॅक्टिकलला बसता येत नसे. माझं जर्नल अक्षरासाठी परत यायचं, मी रात्री जागून पुन्हा लिहायची, ते पुन्हा परत यायचं. शेवटच्या वर्षी व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, माझी उत्तरं ऐकून एक्स्टर्नल सर म्हणाले, "एवढं येतंय, मग हात का चालत नाही?" प्रश्न अगदी बरोबर होता. तो तीन वर्षांत कुणीतरी आधी विचारायला हवा होता.

इंग्लंडमध्ये एमएस्सीला आले तेव्हा लॅबमधल्या डेमॉन्स्ट्रेटरने पहिल्या काही आठवड्यांतच मला बाजूला घेतलं आणि विद्यापीठाच्या अपंगत्व कक्षाकडे पाठवलं. मानसशास्त्रज्ञांकडून तपासणी झाली. तिचा खर्च काही शे पौंड. अपंग विद्यार्थ्यांसाठीचा सरकारी भत्ता बाहेरून आलेल्यांना मिळत नाही, म्हणून निम्मे पैसे विद्यापीठाच्या निधीतून आले आणि निम्मे मी भरले. त्यानंतर जे बदललं ते फार छोटं होतं. प्रयोगाच्या पायऱ्या आदल्या दिवशी छापून हातात. रोज तेच बाक. ओतण्याच्या कामात दुसऱ्याचा हात, निर्णय सगळे माझे. लेखी परीक्षा कॉम्प्युटरवर, तासाला 15 मिनिटं जादा. सवलत मिळाली म्हणून एकही प्रश्न सोपा झाला नाही. पण पहिल्यांदाच मी पेपरभर फक्त रसायनशास्त्राचा विचार करत होते.

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र कुणी समजू नये. काही प्राध्यापक माझ्या सवलतींचा आराखडा उघडूनही बघत नसत आणि प्रत्येकाला जाऊन आठवण करून देणं हेच एक वेगळं ओझं होतं. ब्रिस्टल विद्यापीठात 2018 साली भौतिकशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने आयुष्य संपवलं. तिला लोकांसमोर बोलण्याची तीव्र भीती होती आणि तोंडी सादरीकरणावर गुण होते. 2024मध्ये उच्च न्यायालयाने विद्यापीठाविरुद्धचा निकाल कायम ठेवला. त्या खटल्यात कळीचा फरक होता तो हा: विद्यार्थ्याला काय यायला हवं ही एक गोष्ट, आणि ते कोणत्या पद्धतीने तपासायचं ही वेगळी. पहिलीत तडजोड करायची नाही, दुसरी बदलता येते.

हा फरक आपल्याकडच्या चर्चेत कुठेच दिसत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण कायदा आपलाही उत्तम आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात अध्ययन अक्षमतेखाली डिसप्रॅक्सिया हा शब्द चक्क छापलेला आहे. 2018च्या केंद्राच्या परीक्षाविषयक सूचनांत तासाला किमान 20 मिनिटं जादा दिली होती, म्हणजे मला इथे मिळाली त्याहून जास्त. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लेखनिक मिळण्यासाठी 40 टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही. पण अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी निमहान्सची (बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेची) चाचणी मुळात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बनवलेली. शाळेत कुणाच्या लक्षात आलं नाही, तर वीस वर्षांच्या मुलीने काय करायचं? आणि ही तपासणी करणाऱ्या सायनच्या रुग्णालयापर्यंत पोचणं मुंबईच्या मुलीला जमेल, गडचिरोलीच्या मुलीने तिथवर कसं यायचं?

काका विचारतात, उद्या नोकरीत कोण जादा वेळ देणार आहे? तारापूरच्या किंवा कुरकुंभच्या औषध कारखान्यात जाऊन बघावं. क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, लॅबमध्ये टायट्रेशन ऑटोटायट्रेटर हे यंत्र करतं आणि नोंदी कॉम्प्युटरवर होतात. हाताचं कसब खरंच लागतं अशी कामं आहेत, शस्त्रक्रिया हे त्यातलं एक, आणि तिथे ते तपासलंच पाहिजे. बीएस्सीच्या जर्नलमधलं अक्षर त्यात बसत नाही.

राखीव जागा मोजक्या असतात, तिथे प्रमाणपत्र हवं आणि त्याची तपासणी कडकच हवी. पण टाईप केलेलं जर्नल, आदल्या दिवशी मिळालेल्या प्रयोगाच्या पायऱ्या, कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेत की-बोर्ड, यांनी दुसऱ्या कुणाची जागा जात नाही. या गोष्टी मागेल त्याला द्याव्यात, कारण विचारू नये. जे सर्वांनाच मिळतं त्यासाठी कुणी खोटा कागद करणार नाही. स्वायत्त महाविद्यालयांना अंतर्गत मूल्यमापन ठरवण्याची मुभा आहे, त्यामुळे दिल्लीच्या किंवा मुंबईच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही. येत्या जूनमध्ये एखाद्या रसायनशास्त्र विभागाने सूचनाफलकावर एवढंच लावावं की जर्नल हाताने लिहिलेलं किंवा टाईप केलेलं, दोन्ही चालेल.